सहा घंटांच्या बाई

आमच्या गिरगावातल्या मुलींच्या शाळेत आठवीच्या मुलींना कायमची जागा अशी नसायची. हजेरी झाली की गणिताच्या बाई टाळी वाजवून म्हणायच्या, "शेजारीण बदला!" की मुली जोडीजोडीनं जागा बदलत. दुसऱ्या दिवशी कडेच्या दोघी जिथल्या तिथे राहत आणि मधल्या बदलत. एका वेळी एकच जागा सरकायचं, उडी मारायची नाही, हा नियम. कट्टी झालेल्या मैत्रिणी त्यामुळे कधी ना कधी मांडीला मांडी लावून बसतच. एकदा एका मुलीची आई तक्रार घेऊन आली, "माझ्या मुलीला लांबचं दिसत नाही, तिला पुढे बसवा." बाई म्हणाल्या, "गुरुवारी येतेय ती पुढे." आणि गुरुवारी ती खरंच पुढे आली.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला नवीन लागले होते. दादरहून येत होते. बाई माझ्या आईच्या वयाच्या. पांढरं पाचवारी पातळ, खांद्यावर चांदीची पिन, पायात मात्र मुलांचे कॅनव्हासचे बूट. नगरकडच्या ख्रिस्ती घराण्यातल्या, लग्न केलेलं नव्हतं, ठाकूरद्वारच्या एका वाडीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पाठीमागे त्यांना सगळे 'घंटाबाई' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "खरं तेच म्हणतात," असं त्यांचं त्यावरचं मत होतं.

कारण बाई कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, इंग्रजांच्या मोठ्या चर्चमध्ये घंटा वाजवायच्या. म्हणजे पूर्वी वाजवायच्या. लढाईच्या काळात तिथले घंटा वाजवणारे गोरे सोल्जर आघाडीवर गेले, तेव्हा एका म्हाताऱ्या इंग्रज मिसनं बाईंना मनोऱ्यात नेलं आणि दोर हातात दिला. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पण स्वातंत्र्य आलं, साहेबलोक बोटीत बसून निघून गेले, आणि वर सहा घंटा नुसत्या टांगलेल्या राहिल्या. एक म्हातारा रखवालदार प्रार्थनेच्या आधी त्यातल्या एकीवर हातोडीनं टोले द्यायचा. ते ऐकलं की बाईंच्या कपाळावर आठी पडायची. "घंटेला मारतात का कुणी? तिला झोपाळ्यावर बसवायचं असतं."

एक दिवस मधल्या सुट्टीत मी डबा खाताना बोटांनी टेबलावर उगीच ठेका धरला होता. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुला गाणं येतं का ग?"

"नाही हो बाई."

"बरं झालं. गाणाऱ्यांना सूर हवा असतो. मला वेळेवर हात सोडणारी माणसं हवी आहेत. शनिवारी शाळा सुटली की माझ्याबरोबर चल."

नाही म्हणायला मला फटच मिळाली नाही.

चर्चच्या कमिटीनं घंटा उतरवायचं ठरवलं होतं. वाजवणारं कुणी नाही, मग मनोऱ्यावर एवढं ओझं कशाला? ऑस्ट्रेलियातलं एक चर्च त्या घ्यायला तयार होतं. कमिटीचे सेक्रेटरी एक निवृत्त बॅरिस्टर होते, कोरड्या आवाजाचे. बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सहा माणसं उभी करते."

"आणणार कुठून?" बॅरिस्टरांनी विचारलं.

"मुंबईत माणसांना तोटा आहे का?"

शेवटी ठरलं ते असं. थंडी संपायच्या आत कमिटीसमोर सहा घंटांचा पूर्ण फेरा, एकही चूक न करता वाजवून दाखवायचा. जमलं तर घंटा राहतील. नाही जमलं तर बोट आहेच.

पूर्ण फेरा म्हणजे काय, ते मला मनोऱ्यात उभं राहिल्यावर कळलं. घंटा वर, नजरेआड. प्रत्येकीला एक मोठं लाकडी चाक आणि चाकावरून खाली आलेला दोर. दोराला मध्ये लोकरीचा जाड गोंडा. तो ओढला की वर घंटा उलटी होऊन पूर्ण गोल फिरते, एकदाच वाजते आणि पुन्हा तोंड वर करून थांबते. तिच्यावर गाणं वाजवता येत नाही, कारण एवढं वजन तुमच्या मर्जीनं घाई करत नाही. तिला थोडंसं अडवता येतं किंवा थोडंसं लवकर सोडता येतं. म्हणजे रांगेत शेजारणीबरोबर जागा बदलता येते, बस्. मग सहा घंटा आधी ओळीनं वाजतात, धाकटीपासून थोरलीपर्यंत, आणि मग दर खेपेला शेजारशेजारच्या जागा बदलत जातात. एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सगळे क्रम संपले की त्या आपोआप पहिल्या ओळीत परत येतात. याला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात कागद बघायचा नाही, सगळं डोक्यात.

"आठवीचा वर्ग!" मी ओरडलेच.

"मग? मला रोज घंटा मिळत नव्हत्या ना," बाई म्हणाल्या.

माणसं त्यांनी कशी जमवली तो एक तमाशाच होता. भायखळ्याचे एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर, रिटायर झालेले, जुन्या मंडळींपैकी तेवढे एकच मागे राहिले होते. त्यांना सगळे अंकल म्हणत. बायको गेल्यापासून ते घराबाहेर पडत नव्हते. बाईंनी त्यांच्या दारात उभं राहून घड्याळाच्या ठेक्यावर दार वाजवलं, ते उघडेपर्यंत. दुसऱ्या आमच्या शाळेच्या शेवंताबाई, शाळेची घंटा देणाऱ्या शिपाईण. "टोले तर मी रोजच देते की," त्या म्हणाल्या, आणि पहिल्याच दिवशी दोरानं त्यांच्या हाताला फोड आणले तेव्हा त्यांनी दोराला अशा शिव्या दिल्या की अंकल लाजून लाल झाले, आणि त्यांना मराठी येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

परळच्या गिरणीतले सावंत बाईंना एका गणेशोत्सवात दिसले. छातीएवढा ढोल वाजवत होते. बाई मिरवणुकीत घुसल्या आणि ढोल चालू असतानाच त्यांना विचारलं, "रविवारी दुपारी काय करता?" आणि चौथे जाधव. काळाचौकीला राहायचे, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचायची सवय, त्यामुळे बाईंना ते फारच पसंत पडले. जाधवांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. ते फार कमी बोलायचे. पहिल्या दिवशी अंकल त्यांना शिडीनं वर घंटा बघायला घेऊन गेले. खाली आले तेव्हा जाधव आपला तळहात बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. गावी देवळातल्या घंटेला आमचा हात लागायचा नाही. वर जाऊन सगळ्या सहांना हात लावून आलो."

बाईंनी ते ऐकलं होतं. जवळ येऊन म्हणाल्या, "हात लावून काय होतंय? चौथी तुमची. तिला गोल फिरवून दाखवा."

आम्ही शिकलो ते घंटांचे लोलक चामड्यानं बांधून. म्हणजे खाली आवाज नाही, नाहीतर सगळ्या कोटानं कान झाकले असते. बाईंनी इंग्रजी हाका मराठीत आणल्या होत्या. सुरुवातीला "सांभाळा!" मग "धाकटी निघाली… गेली!" आणि शेवटी "थांबा!" फक्त क्रम मध्येच वळवायचा असला की म्होरक्यानं द्यायची हाक 'बॉब' अशी होती, ती तशीच राहिली. तिला मराठी शब्द बाईंना सापडत नव्हता.

आणि त्यांची वाक्यं! "ओढू नका, ती निघालेलीच असते. तिला फक्त वेळ सांगा." "हाताकडे बघू नका, कानाकडे बघा." आता कानाकडे कसं बघायचं? पण महिन्याभरात आम्ही बघायला लागलो. कुणी घाई केली की म्हणायच्या, "शेजारच्याला जागा द्या, मग तुम्हाला जागा मिळेल." हे त्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभांवरून शिक्षकांत वाद पेटला तरी म्हणायच्या, आणि सासूशी भांडून आलेल्या शिक्षिकेलाही.

सावंतांचं उड्डाण मी जन्मात विसरणार नाही. थोरली घंटा त्यांच्याकडे, कारण ताकद. एक दिवस त्यांनी दोर असा खेचला की वरचा घंटेला थोपवणारा अडसर काडकन मोडला, घंटा पलीकडे गेली आणि दोर सरसर वर निघाला.

"सोडा! सोडा सावंत!" बाई ओरडल्या.

ढोलवाला माणूस, हातात आलेलं सोडतोय कशाला? सावंत दोरासकट वर गेले, छताखाली क्षणभर थांबले आणि मग हात सुटून धपकन चटयांच्या ढिगाऱ्यावर आले. आम्ही सगळे धावलो. सावंत डोळे मिचकावत बसले होते.

"बाईनू, माका वाटला देवान वर बोलावल्यान!"

बाईंनी आधी त्यांचे हातपाय चाचपून बघितले. मग त्या हसायला लागल्या, आणि भिंतीला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून आमची सहाजणांची एक टोळी झाली.

कमिटीपुढच्या परीक्षेचा रविवार ठरला आणि नेमकी त्याच दिवशी हरताळाची हाक आली. ट्राम बंद, बस बंद, गाड्यांचा भरवसा नाही. परळ-लालबागहून मोर्चा फाउंटनकडे निघणार होता. फाउंटनला पूर्वी गोळ्या चाललेल्या होत्या, त्यामुळे घराघरात काळजी होती. आदल्या रविवारी बाई सावंतांना आणि जाधवांना म्हणाल्या, "तुम्हाला मोर्चाला जायचं असणार. जा. मी कमिटीकडे दुसरा दिवस मागते, आणि नाही दिला तर नाही दिला."

सावंत म्हणाले, "बाईनू, मोर्चो खंय जातलो? फाउंटनाक. चर्च खंय आसा? वाटेरच. कित्याक दिवस बदलतास?"

त्या दिवशी बाई, शेवंताबाई आणि मी गिरगावातून चालत निघालो. दुकानं बंद, गच्च्यांवर माणसं, दुरून घोषणा येत होत्या. "मुंबई आमची!" ऐकलं की शेवंताबाई पदर खोचून ओरडायच्या, "आमचीच!" धोबीतलावाला पोलिसांनी अडवलं. बाईंनी गंभीरपणे सांगितलं, "प्रार्थनेला चाललोय." शेवंताबाईंच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे बघून हवालदार बुचकळ्यात पडला, पण त्यानं सोडलं. अंकल आमच्या आधीच पोचले होते, भायखळ्याहून पायी, कोट-टाय घालून. थोड्या वेळानं सावंत आले, घसा बसलेला, खिशात झेंडा. जाधव येईनात.

बाई दोर तपासत होत्या. एक, दोन, मग पुन्हा तेच. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, आणि त्या घाबरल्यात हे मला त्यांच्या त्या पुन्हापुन्हा तपासण्यावरून कळलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जाधव. सदरा खांद्यावर फाटलेला, आत लाठीचा लालजांभळा वळ.

बाई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "हात वर जातो?"

जाधवांनी हात वर केला. चेहरा वाकडा झाला, पण हात गेला.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण जातोय."

"मग चौथी घ्या. दुखलं तर मला सांगा, मी थांबवीन. तुमच्यापेक्षा घंटा मोठी नाही."

"नका थांबवू," जाधव म्हणाले.

आम्ही आपापल्या दोरापाशी उभे राहिलो. धाकटी माझी, दुसरी बाईंची, तिसरी शेवंताबाईंची, चौथी जाधवांची, पाचवी अंकलची, थोरली सावंतांची. आज लोलक मोकळे होते. बाई म्हणाल्या, "सांभाळा!" मी दोराचा गोंडा धरला. मीच बोलले, "धाकटी निघाली… गेली!"

आणि डोक्यावर मुंबई फुटली म्हणा ना! इतके दिवस मुकेपणानं ओढलेल्या दोरांतून असा आवाज निघेल याची मला कल्पनाच नव्हती. मनोरा डुलत होता, खरोखर डुलत होता. ओळ नीट बसली आणि बाईंनी बदल सुरू केले. मी दुसऱ्या जागेवर, तिसऱ्या, चौथ्या, परत. सगळ्यांचे डोळे समोर, ओठ हलताहेत, दोर साप उसळावेत तसे वरखाली जाताहेत. मी आयुष्यात इतकी आनंदात आणि इतकी भेदरलेली एकाच वेळी कधीच नव्हते.

निम्मा फेरा झाला असेल. दार धाडकन उघडलं. एक इन्स्पेक्टर आणि मागे एक शिपाई. दोघेही घामाघूम.

"बंद करा! कुणाला इशारा देताय?"

बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "साहेब, उंबऱ्यातच उभे राहा. दोराच्या जवळ येऊ नका, फास बसेल."

"मी सांगतोय, ताबडतोब बंद करा! खाली मोर्चा आहे!"

आणि नेमकं तेव्हाच क्रम वळवायचा होता. बाई सगळ्या ताकदीनं ओरडल्या, "बॉब!"

"बाँब!" शिपाई किंचाळला आणि एका उडीत जिन्यावरून दिसेनासा झाला. इन्स्पेक्टर भिंतीला चिकटले. शेवंताबाईंचं पोट हसण्यानं गदगदायला लागलं, पण हात चुकला नाही. अंकलच्या मिशा थरथरत होत्या. काही ओळींनंतर बाई पुन्हा ओरडल्या, "बॉब!" आणि इन्स्पेक्टरांनी डोळे मिटले. स्फोट झाला नाही. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि ते बघत राहिले.

थोड्या वेळानं मी बघितलं तर त्यांची मान डुलत होती.

शेवटच्या ओळी आल्या. जाधवांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण चौथी आपल्या जागेवर येत होती. आणि मग, जणू कुणी मुठीत धरलेलं हळूच सोडावं तशा, सहाही घंटा पहिल्या ओळीत परत आल्या. धाकटी, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, थोरली. "थांबा!" बाई म्हणाल्या. वर नुसता गुंजारव उरला.

सावंत तसेच ओरडले, बसलेल्या घशानं. अंकलनी जाधवांना मिठी मारली, मग खांदा आठवून सोडली. बाई इन्स्पेक्टरांकडे वळल्या. "हं, आता बोला."

"पोलीस आलेला बघूनही तुम्ही थांबला नाहीत?"

"मध्ये थांबलो असतो तर पहिल्यापासून करावं लागलं असतं. तुम्हालाच जास्त उभं राहावं लागलं असतं."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. जाताना जाधवांच्या खांद्याकडे बघून म्हणाले, "याला हळद लावा. घरी जाताना माझं नाव सांगा, कुणी अडवणार नाही."

आम्ही नाचतच खाली आलो. खाली पाद्रीसाहेब एकटेच उभे होते. हरताळामुळे कमिटीतलं कुणी आलंच नव्हतं. परीक्षा झाली होती आणि परीक्षक घरी होते.

बाई पायरीवर बसल्या. कॅनव्हासच्या बुटांकडे बघत राहिल्या. मग त्या उठल्या आणि पातळ झटकून म्हणाल्या, "ऐकणारा एक होता की."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन थेट चौकीत गेल्या. "साहेब, मला तुमची साक्ष पाहिजे." इन्स्पेक्टरांच्या अख्ख्या नोकरीत त्यांना कुणी असं बोलवायला आलं नसावं.

कमिटीची बैठक झाली तेव्हा बॅरिस्टर म्हणाले, "आम्ही ऐकलेलं नाही. पाद्रीसाहेबांना यातलं कळत नाही. फेरा पूर्ण झाला याला पुरावा काय?" बाईंनी दाराकडे बोट केलं. पूर्ण गणवेशात इन्स्पेक्टर आत आले आणि न्यायालयात उभं राहावं तसे उभे राहिले.

"मी माणसं थांबवण्याचा पगार घेतो," ते म्हणाले. "मला बघून माणसं थांबतात. ही सहाजणं थांबली नाहीत. शेवटी मीच थांबलो."

"पण कुणी चुकलं का, ते तुम्हाला कसं कळणार?" बॅरिस्टरांनी विचारलं.

"साहेब, कुणी चुकलं असतं तर या बाईंनी त्याला सोडलं असतं का? मला सोडलं नाही."

पहिल्यांदा पाद्रीसाहेब हसले, मग एक म्हातारा इंग्रज सदस्य, मग सगळेच. बॅरिस्टरही हसले, पण कोरडेच. बोट घंटांशिवाय गेली.

पुढे महाराष्ट्र राज्य झालं. त्या सकाळी घंटा वाजवायला बाईंनी पाद्रीसाहेबांची परवानगी आधीच घेतली होती. तोवर अंकलची नात आणि जाधवांची बायको तयार झाल्या होत्या. बाईंचा गुडघा गेला होता. मनोऱ्यावर त्या कशाबशा चढल्या, सगळ्यांना जागेवर उभं केलं आणि मला म्हणाल्या, "मला खाली घेऊन चल. आम्ही वाजवणारे आतच असतो. मी या घंटा रस्त्यावरून कधी ऐकल्याच नाहीत."

जाधवांनी लोलकांना एका बाजूनं चामडं बांधलं होतं. एक ओळ खणखणीत आणि तिच्या पाठोपाठ तीच ओळ दबलेली, फार लांबून आल्यासारखी. ती आधी वाजवायची, फाउंटनला गोळीबारात गेलेल्यांसाठी. रस्त्यावर गुलाल होता, ढोल होते, पण ती वाजायला लागली तसे जवळचे ढोल एकेक करून थांबले. माणसांनी टोप्या काढल्या. मग जाधव चामडं सोडायला वर चढले असणार, कारण थोडा वेळ शांतता झाली आणि नंतर सहाही घंटा मोकळ्या कोसळल्या. लोक ओरडले. कुणीतरी बाईंच्या पांढऱ्या पातळावर गुलाल उधळला. बाईंनी तो झटकला नाही. त्या माझ्या दंडाला धरून, मान वर करून, तोंड उघडं टाकून लहान मुलीसारख्या ऐकत होत्या.

शेजारी एक फेटेवाला गृहस्थ उभा होता, पोराला खांद्यावर घेतलेला. त्यानं विचारलं, "कुणाच्या हो या घंटा?"

"आपल्या," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली. "आणि तिसरी जरा मागं पडतेय."